जनीमावशीची रानडुकरं

खांदा कॉलनीत माझं मोबाईलचं दुकान आहे आणि गेम खेळणाऱ्यांचा मला मनापासून वैताग. तेच रानडुक्कर शंभरदा मारायचं, मग कुठे लेव्हलचा आकडा एकाने वाढणार. यात कसली डोंबलाची मजा? दुकानात बसून गेम खेळणाऱ्या हृतिकला मी हे तोंडावर विचारायचो. तो हसून म्हणायचा, "शैलेशदादा, माझ्या आयेला इचार."

त्याची आई म्हणजे जनीमावशी. उरणकडच्या मिठागरात तिचा जन्म गेला. वाफ्यातलं मीठ ओढायचं, ढीग लावायचा, पुन्हा ओढायचं. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली. दिवाळीनंतर चिखल पायांनी तुडवायचा आणि पहिल्यापासून सुरू. टाचांच्या भेगा अजून बुजलेल्या नाहीत, पण मिठागराचा विषय निघाला की म्हातारी खुलायची. "हात चालतो नि मन गप बसतं," म्हणायची.

गेल्या वर्षी मार्चमध्ये हृतिकची बाईक कंटेनरखाली गेली. फोनवर मात्र साधा ओरखडा नाही. त्या फोनचा मला आजही राग येतो.

दिवसकार्य उरकल्यावर मावशी तोच फोन घेऊन दुकानात आली. "ही डुकरं कशी मारायची, दाखव." आईला वाचता यावं म्हणून हृतिकने गेम हिंदीत ठेवला होता. त्यातल्या तलवारवाल्याच्या डोक्यावर त्याने नाव दिलं होतं, 'जनीचा हृतिक'. त्या नावासाठी ती रोज माझ्याकडे येऊन स्टुलावर बसू लागली. पाठ ताठ, अंगठा एका लयीत, दुपारभर डुकरं. खोटं कशाला सांगू, तेवढा वेळ तिच्या चेहऱ्यावर समाधान असायचं. मग मीही टिंगल करणं सोडलं.

परवा तिने शेवटचा आकडा गाठला. पडद्यावर प्रश्न आला, नये सिरे से शुरू करें? मी एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच बसवत होतो. तिने मला विचारलंही नाही. का विचारील? हंगाम संपला की मिठागर नव्यानेच धरायचं असतं. तिने 'हाँ' दाबलं.

"शैलेश, याच्या डोक्यावरचं नाव कुटं गेलं रे?"

मी फोन हातात घेतला. सगळं पुसलं गेलं होतं. आकडा एक, डोक्यावर काही नाही, आणि खाली नवीन नाव मागत होता.

"मीच घालवला त्याला," मावशी म्हणाली. मला रडू फुटलं. ते तिला दिसू नये म्हणून मान खाली घालून मी 'जनीचा हृतिक' टाईप केलं. फोनने घेतलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"काय बोलतंय?"

"हे नाव आधीपासून आहे म्हणतंय. दुसरं द्या."

मावशीने माझं मनगट धरलं. "म्हंजे हाय ना तो?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तिने फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "कुटं?"