पप्पांची दुनळी

विल्फ्रेड रुमाव बहरीनमधल्या हिद्दच्या गोदामातली शिफ्ट संपवून घरी आला आणि बूटही न काढता त्यानं वसईला फोन लावला. "पप्पा, निवडणूक जाहीर झालीय. बंदूक पोलीस स्टेशनात जमा करून या." म्हाताऱ्यानं परवान्याची दुनळी रिक्षात घालून न्यायची, दर निवडणुकीला हीच कटकट.

त्याची मुलगी निकोल शाळेसाठी अमेरिकेची राज्यघटना वाचत होती. ती इंग्रजीत म्हणाली, "डॅडी, तिकडे बंदूक बाळगणं हा हक्क आहे. सरकार डोईजड झालं तर गावकऱ्यांनी आपापल्या बंदुका घेऊन उभं राहायचं, हा त्याचा जुना अर्थ."

"आणि आम्ही सरकार निवडायच्या आधी ती सरकारकडेच ठेवून येतो."

"मग इथे बहरीनमध्ये?"

विल्फ्रेडनं आता कुठे बूट सोडले. "इथे मला बंदूकही नाही आणि मतही नाही. यल्ला, चल, भात गरम कर."