गालाच्या हाडातलं भोक

विद्यार्थी तिला पाठीमागे कवटीमावशी म्हणतात, हे तिला ठाऊक आहे. समोर नुसतं मावशी. मेडिकल कॉलेजच्या तळमजल्यावर, शरीररचना विभागाच्या हाडांच्या खोलीत ती पंचवीस वर्षं काम करते आहे. काचेची चार कपाटं, त्यांत चौऱ्याऐंशी कवट्या, प्रत्येकीच्या कानशिलावर शाईने घातलेला नंबर. महिन्यातून एकदा सगळ्या खाली उतरवायच्या, मऊ ब्रशने पुसायच्या, खालचा जबडा ज्याचा त्यालाच लागतोय ना ते बघायचं आणि परत लावून ठेवायच्या. नवी पोरं डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून कवटी उचलतात. तिथलं हाड कागदाइतकं पातळ असतं. मावशी लांबूनच ओरडते, "आईला असंच उचलता का रे घरी?"

कवटी म्हणजे एक हाड नव्हे, बावीस हाडं शिवल्यासारखी एकमेकांत गुंतलेली असतात. शिकवण्यासाठी ती सुटी करायची तर करवत चालत नाही. खालच्या मोठ्या भोकातून आत वाळलेले वाटाणे गच्च भरायचे आणि कवटी पाण्यात ठेवायची. वाटाणे फुगतात आणि सकाळपर्यंत सांधे आपोआप उकलतात. हे मावशीने नोकरीला लागल्याच्या पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने घरी सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्या घरात वाटाणे शिजले नाहीत.

तिचं खास काम मात्र तारांचं. कवटीला जागोजागी बारीक भोकं असतात. कुठून नस बाहेर पडते, कुठून रक्तवाहिनी आत जाते. मावशी त्यांतून विजेच्या कामाची बारीक रंगीत तार ओवते. लाल, निळी, आणि नसेसाठी पिवळी. चेहऱ्यावर अशी तीन भोकं एकाखाली एक असतात: भुवईच्या काठावर, डोळ्याखाली गालाच्या हाडात, आणि हनुवटीच्या बाजूला. मावशीला ती डोळे मिटून सापडतात. नव्या डॉक्टरांपेक्षा लवकर सापडतात, असं मॅडमच म्हणतात. मॅडम म्हणजे विभागप्रमुख.

साडेपाचला घरी आलं की दुसरी पाळी सुरू. घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत एक्याऐंशी वर्षांची सासू, भर उन्हाळ्यात डाव्या गालावर मफलर गुंडाळून, पंखा बंद करून बसलेली. नवरा बसडेपोत वेळापत्रक बघतो. तो आला की पंखा लावतो, सासू बंद करायला लावते, तो गॅलरीत जाऊन बसतो. गेली नऊ वर्षं हेच.

नऊ वर्षांपूर्वी सासूची डावीकडची दाढ दुखायला लागली. दातवाल्याने काढली. दुखणं शेजारच्या दाढेत गेलं. तीही काढली. असं करत दीड वर्षात डावी बाजू रिकामी झाली, आणि दुखणं तिथेच. मग उरलेल्या दातांचीही काही शोभा राहिली नाही म्हणून तेही काढले. बोळक्या तोंडाने सासू म्हणाली, "आता दुखायला काही शिल्लक नाही, तरी दुखतंय."

तेव्हापासून घरात कोणी ते खरं मानेनासं झालं. दुखणं यायचं आणि दहा-पंधरा सेकंदांत जायचं. मधल्या वेळात सासू ठणठणीत. भांडायला तर एकदम तय्यार. चार-चार महिने काहीच नाही, आणि मग एक दिवस पहिल्या घासाला चमचा खाली टाकून डोळे घट्ट मिटून बसायची. ताट परत जायचं. "खारट आहे म्हणून सांगा ना सरळ," मावशी म्हणायची आणि दुसऱ्या दिवसापासून भाजीत मीठ कमी घालायची. सासू तोंड नीट धुवायची नाही. डाव्या गालावर नाकाच्या कडेला मळाची रेघ धरायची. दर रविवारी मावशी ओला फडका घेऊन जायची आणि सासू तिचा हात झटकून टाकायची. नणंद फोनवर विचारायची, "आईचं कसं आहे?" मावशी म्हणायची, "नाटक चालू आहे, तिकीट नाही. या बघायला."

मावशी दुष्ट नव्हती. थकली होती. दिवसभर मेलेल्यांची डोकी पुसायची आणि घरी येऊन जिवंताच्या डोक्याला तेल लावायचं, नखं कापायची, चादरी धुवायच्या. या सगळ्याला कधीतरी शेवट आहे, हा एक विचार तिने आत कुठेतरी जपून ठेवला होता. कोणाला सांगण्यासारखा नव्हता, पण त्याच्या जिवावर ती सकाळी उठायची.

तोच विचार सासूने हिसकावून घेतला.

ऑफिसातल्या क्लार्कने देहदानाच्या फॉर्मच्या प्रती काढून आणायला सांगितल्या होत्या. त्या मावशीच्या पिशवीत राहिल्या. सासूने पिशवीतून भाजी काढता काढता एक प्रत काढली आणि चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"हा मला भरून दे," ती म्हणाली.

"आई, तो देहदानाचा आहे."

"वाचता येतं मला. मी तुमच्याकडेच येणार ना? तुझ्या खोलीत?"

मावशी दारातच उभी राहिली. चपला काढायचं राहून गेलं. "माझ्या खोलीत कशाला?"

"आयुष्यभर तू माझ्या हाताखाली होतीस, आता मी तुझ्या हाताखाली. फिट्टंफाट. इथे जवळच्या दोन नातेवाइकांच्या सह्या लागतात म्हणे. पोराची मिळेल. तुझी हवी."

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा. मला दोन्ही चालेल."

"तुमची आई कपाटात ठेवायची आहे, सोफा नाही आणायचा," मावशी म्हणाली. तो गॅलरीत गेला.

सही मावशीने केली नाही. करवेना. इतर सुनांचं कधीतरी संपतं. आपल्या नशिबी ही बाई नंबर घालून कपाटात बसणार आणि दर महिन्याला आपण तिला ब्रशने पुसणार, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. तीन आठवडे सासू रोज संध्याकाळी विचारायची, "झाली का सही?" आणि मावशी रोज म्हणायची, "पेन नाही."

शेवटी तिने मॅडमना सगळं सांगून काय करू ते विचारलं.

"तुमच्यावर ती वेळ नाही आणणार मी," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कॉलेजला पाठवू. पण त्यांना एवढी घाई कसली?"

घरी येऊन मावशीने सांगितलं, "दुसऱ्या कॉलेजची सोय होते."

"तिथे माझ्या ओळखीचं कोण आहे? नीट धुतील तरी का मला?"

"तुम्ही इथे तरी कुठे धुऊ देता?" मावशीचा आवाज चढला. "का छळताय मला? काय मिळणार आहे तुम्हाला तिथे येऊन?"

उजवा हात वर करून सासूने डाव्या नाकपुडीच्या बाजूला बोट दाखवलं. बोट गालाला लावलं नाही. दोन बोटं अंतर ठेवून हवेतच धरलं, आणि तिथून वर डोळ्याखाली नेलं.

"इथे आहे ते. दात काढले, हिरड्या झिजल्या, तरी इथेच आहे. विजेची तार लावावी तसं. वारा लागला तरी येतं. तुम्हा लोकांना वाटतं मी नाटक करते. मेल्यावर तरी उघडून बघाल ना? बघ आणि तुझ्या नवऱ्याला सांग, की आईच्या गालात होतं काहीतरी."

मावशी "बरं" म्हणाली आणि कणीक मळायला गेली. मळता मळता तिला ते बोट दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. परीक्षेला मावशी ट्रे घेऊन टेबलाशी उभी राहते. मागितलेली कवटी द्यायची, वापरलेली उचलायची. प्रश्न आणि उत्तरं तिच्या कानांवरून पंचवीस वर्षं वाहत गेली आहेत, नळाच्या पाण्यासारखी. घामाघूम झालेली एक मुलगी समोर बसली होती. मॅडमनी पेन्सिलीचं टोक डोळ्याखालच्या पिवळ्या तारेजवळ नेलं. तारेला लावलं नाही, तार हलू नये म्हणून जरा लांबच धरलं.

"इथून काय बाहेर येतं?"

"पाचव्या नसेची दुसरी फांदी, मॅडम. गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, वरचे दात. तिथलं सगळं जाणवतं ते हिच्यामुळे."

"ती बिघडली तर पेशंट काय सांगेल?"

मुलगी पाठ केलेलं भराभरा म्हणू लागली. "एकाच बाजूला, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, काही सेकंद. चावताना, बोलताना, तोंड धुताना, वारा लागला तरी. पेशंट त्या जागी हात लावू देत नाही. मधे काही महिने बरं वाटतं. बरेचदा दाताचं दुखणं समजून चांगले दात काढले जातात."

"छान. पुढचं हाड."

मावशी हलली नाही.

"मावशी, पुढचं."

"मॅडम," मावशी म्हणाली, "यावर औषध असतं का?"

मुलीला वाटलं प्रश्न तिलाच आहे. तिने गोळीचं नावही सांगून टाकलं.

नसांच्या डॉक्टरांकडे सात मिनिटं लागली. तरुण डॉक्टर. त्याने चार प्रश्न विचारले, मेंदूचा फोटो काढायला लिहून दिलं, गोळी लिहून दिली. "चक्कर येईल, झोप येईल. वय आहे, रक्त तपासत राहू. हात धरल्याशिवाय चालू देऊ नका," तो मावशीला म्हणाला.

"एवढंच?" सासू म्हणाली. डॉक्टर हसला. त्याला वाटलं आजी खूश झाल्या.

परतताना बसमध्ये मावशीने सासूला खिडकीजवळून उठवून आपल्या जागी बसवलं आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला बसली. माफी मागायचं मनात होतं. पण नऊ वर्षांची माफी कुठल्या शब्दापासून सुरू करायची ते कळेना. तीन स्टॉप गेले, आणि सासूला झोप लागली.

फोटोत वाईट काही निघालं नाही. गोळी सुरू केल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी मोरीतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मावशी धावली. सासू भिंतीला टेकून उभी होती आणि ओंजळीने तोंडावर पाणी मारत होती. डाव्या गालावर. पुन्हा पुन्हा. मळाची रेघ गेली होती, तिथली कातडी लहान मुलासारखी गुलाबी दिसत होती.

"हाक का नाही मारली? पडला असतात म्हणजे?"

"मारली असती तर तूच धुऊन दिलं असतंस. मला माझ्या हाताने धुवायचं होतं," सासू म्हणाली.

गोळीने तिला चक्कर यायची. मावशीचं काम वाढलं. आता मोरीपर्यंत धरून न्यायचं, धरून आणायचं. सकाळची बस दोनदा चुकली. नणंदेला फोनवर तिने सगळं सांगितलं, स्वतःचा भाग वगळून. मग फोन ठेवल्यावर पुन्हा लावला आणि तोही सांगितला.

त्या रविवारी सासूने हाक मारली. "फॉर्म कुठे आहे?"

"आता कशाला? कळलं ना काय होतं ते."

"दातवाल्याला कळलं नाही. तुला पंचवीस वर्षं तिथला पगार घेऊन कळलं नाही. पुढच्या पोरांना तरी कळू दे. पेन नाही म्हणू नकोस, तुझ्या पर्समध्ये दोन आहेत."

मावशीने फॉर्म काढला, सासूच्या कापऱ्या सहीखाली आपली सही केली, तारीख घातली.

"पण एक सांगते, आई. माझी नोकरीची चार वर्षं राहिलीत. त्याआधी यायचं नाही. माझ्याच्याने होणार नाही ते. मी घरी बसले, की मग काय ते करा."

सासूने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "चार वर्षं जरा जास्तच होतात."

"होऊ देत."

"बघते," सासू म्हणाली. "पण मग भाजीत मीठ तरी घालत जा."