कागद न काढलेली गोधडी

शनिवारची सकाळ. घेवड्याच्या दाण्यांत काकवी आणि खारवलेल्या डुकराचा तुकडा घालून मी मडकं भट्टीत सरकवत होते. केझाया मावशी खिडकीशी बसून माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटवून शिवत होती. तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली.

आमच्या गावात पुढचं दार कुणी वाजवत नाही. माणसं मागून येतात, थेट स्वयंपाकघरात. पुढचं दार नवरीसाठी, पाद्रीबाबांसाठी आणि शवपेटीसाठी. मावशीने दातांनी दोरा तोडला.

"उघड जा," ती म्हणाली. "मला न्यायला आला असेल तर सांग, सदरा व्हायचाय अजून."

दारात अमोस स्टॅकपोल उभा होता. बंदरातली निम्मी जहाजं एके काळी ज्या स्टॅकपोलांची होती, त्यांचा हा उरलेला एकुलता पुतण्या. याची दुपटी मावशीने धुतलेली.

"मावशी, तब्येत काय म्हणते?"

"पुढच्या दाराने आलास, म्हणजे काहीतरी मागायला आलास. बस. पायपुसण्यावर पाय पूस आधी."

तो बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. म्हणाला, "फ्रान्सने लढाईच्या दिवसांत आपली जहाजं धरली होती ना, त्यांची भरपाई मिळणार आहे. पण वॉशिंग्टनला मूळ कागद दाखवावे लागतात. आमच्या 'डॉर्कस' जहाजाचे कागद कुठेच नाहीत. काकू जाताना म्हणाली होती, पेढीचे जुने कागद केझायाला दिले."

"दिले ना," मावशी म्हणाली. "कापायला."

अमोसला कळलं नाही, पण मला कळलं. मधाच्या पोळ्यासारखी, सहा कोनी तुकड्यांची गोधडी करायची म्हणजे आधी कागदाचे तुकडे कापायचे. प्रत्येकावर छिटाचं कापड दुमडून कच्चा टाका घालायचा, मग तुकडे कडेला कड लावून जोडायचे. चहूबाजूंनी जोड झाला की टाका ओढून कागद काढून घ्यायचा. पेढी बुडाल्यावर अमोसच्या काकूने, स्टॅकपोलीणबाईंनी, माळ्यावरच्या पेट्या उघडून दिल्या होत्या. हिशेब, जहाजांचे करार, घरची पत्रं, सगळं कापायला. बुडालेल्या पेढीचे कागद पुन्हा कुणी मागेल असं कुणाच्या मनात येणार? घरोघरी असंच करत.

मावशीने कापले आणि शिवले, पण कागद काढले मात्र नाहीत. तशीच अस्तराविना राहिलेली ती गोधडी बाई गेल्यावर तिला मिळाली. स्टॅकपोलांचं घर विकलं गेलं तेव्हा मावशी शिवणाची पेटी आणि गोधडी घेऊन आमच्या मागच्या खोलीत राहायला आली.

मावशी बंदराबाहेरच्या बेटावरची, कोळ्याची मुलगी. शिवणकामासाठी स्टॅकपोलांकडे आली तेव्हा पोरवय, परकर घोट्याच्या वर होता, असं ती सांगे. अक्षर कधी शिकली नाही. ओबेड नावाच्या खलाशाशी तिचं लग्न ठरलं होतं. तो 'डॉर्कस'वर खारा मासा आणि लाकूड घेऊन गेला, जहाज फ्रेंचांनी धरलं, माणसं कैदेत पडली. पुढे एकेक करून खलाशी परतले. एक म्हणाला, ओबेड तापाने गेला. दुसरा म्हणाला, त्याला दुसऱ्या जहाजावर चढवलं. तिसऱ्याला तो आठवतच नव्हता. मेल्याची खात्री नाही म्हणून पाद्रीबाबांनी प्रार्थना वाचली नाही. विधवा म्हणावं तर तेही नाही. तपकीर ओढायची, सगळ्या गावाची कापडं बेतायची आणि तोंडाने फटकळ, अशी मावशी.

ती आमच्याकडे आली त्या आठवड्यात मला मागच्या खोलीतून पानं उलटल्यासारखा आवाज आला. भर दुपार, वारा नाही, मावशी माझ्यासमोर वाटाणे सोलत होती.

"उंदीर झाले वाटतं," मी म्हटलं.

"उंदीर असते तर मांजर आणलं असतं गं," ती म्हणाली. "ओबेड आहे तो. कूस बदलतोय."

मी हसले. ती हसली नाही.

मग मीच लक्ष ठेवू लागले. गोधडी खुर्चीवर घडी घालून असायची, आणि घडीतून कुणी झोपेत वळावं तसा आवाज यायचा. धुकं चढलं की जास्तच. सगळी गोधडी खडखडीत कोरडी, पण मधला एक निळा तुकडा ओला. एकदा मी त्यावर बोट टेकवलं. आतला कागद मिटलेल्या पापणीसारखा हलला. बोट जिभेला लावलं तर खारट. त्यानंतर त्या खोलीत झाडायला जाताना मी दार सताड उघडं ठेवायची.

हे अमोसला कोण सांगणार? तो म्हणाला, "मावशी, गोधडी उसवावी लागेल. कागद नसले तर अर्ज सरळ फेकतील."

"उसवली तर तो जाईल," ती म्हणाली.

"कोण जाईल?"

तिने सदऱ्यात सुई खोचली आणि तो बाजूला ठेवला. मग म्हणाली, "कागद तुमच्या घरचे. नाही म्हणायला मी कोण? आण गं गोधडी."

आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. मावशी टाके उसवायची, मी कागद सपाट करायची, अमोस ते जुळवायचा. बाहेर धुकं इतकं दाटलं की कुंपण दिसेना. सुरुवातीला गोधडी मावशीच्या मांडीवर सळसळत होती. अमोसने दोनदा खिडकीकडे बघितलं. ती बंद होती. जसजसे कागद निघाले तसतसा आवाज बारीक होत गेला. खोली भरलेली असावी आणि माणसं एकेक करून उठून जावीत, तसं.

"माझ्या काकूने काय काय कापायला दिलं," अमोस उगाच मोठ्याने म्हणाला. "हे बघा, साखरेचा भाव आणि तिच्या बहिणीच्या बाळंतपणाची बातमी एकाच तुकड्यात!"

मावशीने पुढचा टाका ओढला.

शेवटी 'डॉर्कस'च्या खलाशांचा करार जुळला. जहाजावर चढताना प्रत्येकाने आपल्या हाताने सही केलेला. अमोस बोट ठेवून नावं वाचू लागला. कप्तान, सुतार, आचारी. मध्येच बोट थांबलं. करार सगळीकडून पुरा होता, फक्त एका ओळीत सहा कोनी भोक होतं. त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"इथे कुणाचं नाव होतं?" त्याने विचारलं.

सांगायची गरज नव्हती. मावशीच्या मांडीवर गोधडी रिकामी, मऊ पडली होती. एकच तुकडा उसवायचा राहिला होता, निळा. तो तिने तळहाताने झाकला होता, आणि तळहात खालून ढकलल्यासारखा हलत होता. कागदाचा क न ओळखणाऱ्या त्या बाईने नेमका त्याच्या नावाचाच तुकडा कसा ओळखला, याचा विचार मी आजही एकटी असताना करत नाही.

अमोसने खुर्ची मागे सरकवली. तरी तो म्हणाला, "मावशी, करार पुरा हवा. भोक पडलेला कागद ते घेतील की नाही, देव जाणे."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. तिचा आवाज हळू होता, बाळ झोपलेलं असताना बोलतात तसा. "बाकी सगळं दिलं ना तुला? ने. हा एक उसवू नका. मी मेले की आहे तसा माझ्या हातात ठेवा आणि आम्हाला एकत्र पुरा."