गावंडे सरांचे संत्रे

गावंडे सरांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावे असा निरोप आला, तेव्हा कुणीतरी माझी फिरकी घेत आहे असेच वाटले. कारण सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती राजापेठेत, माझ्या शिकवणीवर्गासमोर त्यांची पाटी लागली त्या दिवशी. मूळचे तेल्हाऱ्याचे, बोलणे ठसठशीत वऱ्हाडी. मला वाटले, हे काही फार दिवस टिकायचे नाहीत. आज सर पंचाहत्तरीत आहेत आणि त्यांचा वर्ग अजून भरलेला असतो. माझा कधीचाच बंद झाला.

सर कसे शिकवतात ते मी माझ्या खिडकीतून पुष्कळदा पाहिले आहे. पिशवीतून परतवाड्याचे संत्रे काढायचे, वर फेकायचे, झेलायचे आणि विचारायचे, "हातातून निघालं तवा त्याच्यापाशी काय होतं? वर गेल्यावर त्याचं काय झालं?" वेग होता, त्याची उंची झाली, खाली येताना उंचीचा पुन्हा वेग. ऊर्जा कुठे जात नाही, एवढ्यावर सर उदाहरण सोडवून मोकळे. मी मात्र गतीची समीकरणे मांडायचो आणि अधिक-उणे घोकून घ्यायचो. मुले चिन्हांतच गटांगळ्या खात.

माझी मुलगी मधुरा त्यांतलीच. भौतिकशास्त्र तिने माझ्याच हातून शिकावे, एवढी एकच माझी हौस होती. ती अकरावीत असताना मी वर्गात विचारले, गच्चीवरून एक चेंडू वर फेकला, दुसरा तितक्याच वेगाने खाली. जमिनीवर आदळताना कोणाचा वेग जास्त? मी फळा भरत होतो. ती मागून म्हणाली, "बाबा, दोघायचा सारखाच. उंची तीच, सुरुवातीचा वेग तोच, मंग फरक येईन कुठून?" माझ्या उत्तरात फरक आला होता, चिन्ह चुकले होते. पोरगी गुपचूप समोर सरांच्या वर्गाला जाऊ लागली आहे, हे मला तेव्हा कळले.

तणतणत सरांकडे गेलो. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "पोरीले तुमीच शिकवा. माह्या रीतीत वेळ निघत नाही. चेंडू खाली यायले किती वेळ लागला, असं कोणी इचारलं का मी त्याले तुमच्याकडेच पाठोतो." आणि सर खरोखरच पाठवत. त्यापेक्षा त्यांनी भांडण केले असते तर मला झोप तरी लागली असती.

मधुरा आता अकोल्याला शिकवते. परवा तिच्या वर्गाबाहेर थांबलो होतो, तर आत संत्रे वर गेलेले दिसले. अंगाचा तिळपापड झाला. थोड्या वेळाने एका मुलाने विचारले, वर जाऊन खाली यायला वेळ किती लागला? मधुराने खडू उचलला आणि फळ्यावर माझे समीकरण लिहिले, अगदी माझ्या वळणाने.

सरांच्या रीतीत वेळ येत नाही, तो माझा प्रांत. तेव्हा त्यांना निरोगी आयुष्याचा भरपूर वेळ मिळो, असे म्हणण्याचा पहिला हक्क माझा आहे. तो मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.