समुद्रावर घेतलेला आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — आणि स्पष्ट सांगते, कारण मराठीची शिक्षिका आहे, पुटपुटायची सवय नाही.

माझी एकच कविता लोकांना माहीत आहे. तिच्यात समुद्र हात पुढे करतो, माझ्या माणसाला ओढून घेतो आणि परत देत नाही. चेतनगुणोक्ती मी तिच्यावरूनच शिकवते. निर्जीवाला माणसासारखं वागायला लावलं की अर्थ कसा पालटतो, पाहा म्हणते — 'आमची ताटातूट झाली' यात दोष कुणाचाच नाही. पण 'समुद्राने नेला' म्हटलं की समुद्र गुन्हेगार होतो. आणि मागे उरलेली ती? ती बिचारी होते. मुलं मान डोलावतात.

बिचारी! मी?

तो बुडाला नाही हो. डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा, रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला होता. त्या दिवशी चार वाजता चौपाटीवर भेटून आम्ही गिरगावात माझ्या घरी जाणार होतो — बाबांना लग्नाचं सांगायला. मी वेळेवर पोचले. रस्त्याच्या अलीकडूनच तो दिसला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. कारकून बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला — वखारीतला जावई! पण बाबांचं नाव कशाला घेऊ? लाज मलाच वाटली. त्याची. मी मागे फिरले आणि घरी येऊन गवार मोडत बसले. त्याच्या पत्रांना कधी उत्तर दिलं नाही.

मग कविता लिहिली. लोकांना वाटलं, तो गेला. बायका माझा हात धरून रडल्या, मी रडू दिलं. खरं सांगावंसं वाटलं का? छे — मला तर बरं वाटत होतं.

गेल्या वर्षी दादरला माझ्या कवितावाचनाला तो आला. केस पांढरे, सोबत बायको. ती चहा आणायला गेली तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाला, "समुद्राला कशाला गो बोल लावलास? मी तिथेच उभा होतो. काळोख पडेपर्यंत."

तो रागावला नव्हता. मी माफीसुद्धा मागितली नाही.

यंदा संग्रहाची नवी आवृत्ती निघाली. प्रकाशकांनी विचारलं, काही बदलायचंय? मुखपृष्ठावरचा निळा जरा गडद करा, म्हटलं. कविता तशीच ठेवली. त्याच्यापेक्षा मला ती कविता प्रिय आहे.