साळवे मावशींचा वाचनाचा महिना

साळवे मावशी पुस्तक उभ्यानं वाचायच्या. ओट्याला टेकून, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात फडकं. "बसून वाचलं की काम टाळल्यासारखं वाटतंय," असं म्हणायच्या. रहाटणीत मी भाड्यानं राहायला आले, तेव्हा त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं आणि काकांना जाऊन काही महिने झाले होते. काका चाकणच्या एका कंपनीत होते. शिफ्टवरून आले की चहा घ्यायचे आणि पुस्तक उघडायचे. हॉलची एक अख्खी भिंत त्यांच्या पुस्तकांची होती. मावशी ती पुस्तकं नेमानं पुसायच्या. उघडलं मात्र तोवर त्यांनी एकही नव्हतं.

मग लातूरला दिलेल्या मीनानं, त्यांच्या लेकीनं, ठरवलं की आईनं आता एकटं राहायचं नाही. महिनाअखेरीस फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि पुस्तकं जवळच्या विहारातल्या वाचनालयाला. मावशी हो म्हणाल्या. फक्त एवढंच म्हणाल्या, "द्यायच्या आधी जमतील तेवढी वाचून बघते."

मी घरूनच काम करायची. दिवसभर कानाला हेडफोन, आणि तो काढला की बोलायला कुणी नाही. दिवेलागणीला मावशी वाटीभर काहीतरी घेऊन यायच्या आणि दारातच सुरू व्हायच्या. त्या पुस्तकाचं नाव सांगायच्या नाहीत. नात्यातल्या कुणाची खबर आणल्यासारखं त्यातल्या माणसांबद्दल बोलायच्या. "तो प्रोफेसर हाय ना, सारखा खिडकीतनं बाहेर बघत दुःख करतोय. खिडकी कोण पुसत होतं, ते कुठंच लिहिलेलं न्हाई." एका प्रवासवर्णनावर त्या नाराज होत्या. "एवढे डोंगर चढला, पण जेवला काय ते सांगत न्हाई. उपाशी हिंडला का?"

कवितांचं एक बारीक पुस्तक मात्र त्यांनी चार-पाच दिवस सोडलं नाही. त्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "पानावर कोरी जागा लई सोडलीय. वाचताना आपलंच काहीबाही तिथं येऊन बसतं." त्या दिवशी त्या आत येऊन बसल्या. मी चहा केला. तो निवून गेला.

महिना सरत आला तसा काकांचा आवडता जाडजूड ग्रंथ त्यांनी हातात घेतला. काकांनी त्याचं दोनदा बायंडिंग करून घेतलं होतं. मावशी सातवी शिकलेल्या. बोट फिरवत, ओठ हलवत वाचायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी वाटी आणली नाही.

"संपलं का?" मी विचारलं.

"संपलं." त्या उंबऱ्यावरच टेकल्या. "लगीन झाल्यावर एकदा विचारलं होतं मी, काय वाचताय म्हणून. तर म्हणाले, तुला नाही कळायचं. रागानं न्हाई म्हणाले, साधंच. मग मी परत कधी विचारलं न्हाई. मला वाटायचं, काहीतरी लई अवघड असेल." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "कळलं की गं सगळं. यात न कळण्यासारखं काय होतं?"

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. जिन्यातून लोक ये-जा करत होते. कुणीतरी "जय भीम, मावशी" म्हणालं. त्यांनी सवयीनं हात जोडले.

पुस्तकं न्यायला टेम्पो आला तेव्हा वाचनालयाचे एक गृहस्थ अदबीनं म्हणाले, "मावशी, एक स्वतंत्र कपाट करतोय. काकांचं नाव घालायचं ठरलंय."

"घाला की. त्यांचीच हायेत." मावशी थोडं थांबल्या. "खाली माझं पण घाला. कमल साळवे. समदी न्हाई, पण वाचलीत मी."

ते गृहस्थ गडबडले, मग मान हलवून खाली गेले. दोन दिवसांनी मीना येऊन मावशींना घेऊन गेली. समोरच्या दारात आता दुसऱ्यांच्या चपला असतात. माणसं चांगली आहेत. आमचं बोलणं पाण्याच्या वेळेपुरतं होतं.

मध्ये एका रविवारी मी विहारात गेले. कपाटावर पिवळ्या रंगात दोन्ही नावं होती, एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत. मी फोटो काढून मीनाच्या फोनवर पाठवला. दुपारी मावशींचा फोन आला.

"नाव नीट लिहिलंय ना?"

"नीट लिहिलंय."

"बरं झालं." मग लातूरच्या उन्हाबद्दल काहीबाही बोलल्या.

"यांना आवडलं असतं का गं?" त्यांनी विचारलं.

काकांना मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मावशींना ते ठाऊक होतं. पण हे लेकीला विचारता येत नव्हतं, आणि विचारायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं.