रूबी आंटीचं नोंदीत नसलेलं काम

रूबी आंटी गेली, हे मला फोनवरच्या एका प्रश्नातून कळलं. इस्रायलमधल्या पेताह तिक्वा गावच्या इस्पितळातून कुणी बाई बोलत होती. "या बाई इथल्या एका इमारतीच्या जिन्यात पडलेल्या सापडल्या. वाचल्या नाहीत. ओळखपत्राच्या कव्हरात तुमचा नंबर आहे. त्या तिथे कशाला गेल्या होत्या, तुम्हाला माहीत आहे का?" मला चांगलं माहीत होतं. तरीही मी "नाही" म्हणाले... सवयीनं तोंडून निघून गेलं. आज दीड महिना झाला. तिच्याच स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे आणि त्या एका शब्दाची मला अजून चीड येते.

नव्याण्णव साली मी पुण्याहून संशोधनासाठी इस्रायलला आले आणि रामल्यात आंटीकडे भाड्यानं राहिले. माझा विषय होता नोंदीबाहेरची अर्थव्यवस्था: पावती नाही, कर नाही, कागदावर नाव नाही अशी कामं नेमकी कोणती म्हणायची आणि ती मोजायची कशी. आंटी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, मूळची अलिबागकडची, साठी ओलांडलेली विधवा. देश सोडला तेव्हाचं तिचं मराठी तसंच्या तसं राहिलेलं. ती मला 'मास्तरीण' म्हणायची आणि माझ्या विषयाची यथेच्छ टिंगल करायची. खरं तर व्याख्येपाशीच आमचं घोडं अडायचं. घरच्यांसाठी पुरणपोळी केली तर ती मोजायची नाही, शेजारणीला विकली तर मोजायची, असं मी एकदा तिला मोठ्या तोऱ्यात समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "आणि नवऱ्याला नऊ वर्सं आंघोळी घातल्या, त्या तुझ्या कुठच्या खणात बसतात गो?" ती चहा ओतायला उठली.

आठवड्यातले पाच दिवस ती पहिल्या बसनं पेताह तिक्वाला जायची. "माझी म्हातारी वाट बघत असंल," एवढंच सांगायची. अकरा वर्षं ती कुणा म्हातारीला न्हाऊ-माखू घालत होती, पण त्या घरच्यांचं नाव तिनं कधी सांगितलं नाही, पत्ताही नाही. आमच्या पाहणीत आंटीचंही घर आलं. फॉर्म भरताना तिनं माझं मनगट धरलं. "काम नाय करत, असं लिव. नायतर विधवेचा भत्ता जायाचा." मी लिहिलं. ज्याच्या शोधात इतक्या लांब आले ते समोर बसून लसूण सोलत होतं, आणि मी ते माझ्याच हातानं खोडलं. तेव्हापासून कुणीही विचारलं की आम्ही दोघी एका सुरात "नाही" म्हणायचो. आम्हाला त्याची गंमतही वाटायची.

शिवा म्हणजे सुतकाचे सात दिवस संपले, तेव्हा तिची मुलगी ओर्ना माझ्यापाशी येऊन बसली. ती इथेच जन्मलेली, आईच्या मराठीला हिब्रूत उत्तर देणारी. म्हणाली, "आई परक्या जिन्यात उगाच मेली नाही, कामावर मेली. एवढं कुणीतरी कबूल करायला हवं." भरपाईचा प्रश्न होता, पण तिला तो मुख्य वाटत नव्हता. तिनं त्या इमारतीतलं प्रत्येक दार वाजवलं होतं. अकरा वर्षं रोज सकाळी जिना चढणारी बाई एकालाही दिसली नव्हती. आणि तिच्या कामाबद्दलचा एकुलता एक कागद माझ्या अक्षरात होता. मी ओर्नाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चल, त्या इमारतीतल्या लोकांचं आता तू ऐक."

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही त्या इमारतीतली दारं पुन्हा वाजवत गेलो. तिसऱ्या मजल्यावर एका घरच्या सुनेनं दार उघडलं. बाई सभ्य होती, बसा म्हणाली, पाणी दिलं. "आमच्याकडे कामाला कुणीच नव्हतं. सव्ताचं सगळं मीच करते." सव्ता म्हणजे हिब्रूत आजी: तिची आजेसासू, पोलंडमध्ये जन्मलेली, खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. म्हातारीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. आता नुसती बडबडते, पोलिशमध्ये, आम्हाला कुणालाच कळत नाही, असं सून सांगत होती.

"पाय उचल गो," म्हातारी म्हणाली.

पोलिश कसलं, ही तर मराठी होती. आंटीचाच घोगरा आवाज, 'गो' तसाच लांबवलेला. "सरक जरा... पानी कढत नाय ना?" मग थांबून स्वतःच, "बस, बस, झालं हां." ओर्नानं माझा दंड घट्ट धरला. म्हातारीची नजर आमच्यावर नव्हतीच. ती दाराकडे पाहत होती, आणि दारात कुणी नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर ते बोलणं थांबू नये असंही वाटत होतं. "येते गो," ती म्हणाली. "दार वढून घेते. उद्या सातला येते."

"काय म्हणते?" सुनेनं विचारलं.

मी हिब्रूत सांगितलं. म्हणतेय, उद्या सातला येते.

सुनेनं हातातला पेला खाली ठेवला. "कशी येईल?" ती हळूच म्हणाली. "किल्ली तर मी जिन्यातच तिच्या मुठीतून काढून घेतली."

ती हिब्रूतच बोलली होती. ओर्नाला वेगळं काही सांगावं लागलं नाही.